खल, ग्रावा आणि हरवलेली वेल

(कुर्डुवाडी येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन)



आज बोलायचंय वाटण्याच्या दगडांबद्दल. पाटा-वरवंटा, खलबत्ता, उखळ-मुसळ ही आपल्या घरातली नावं. पण काही दगड असे असतात की त्यांच्यावर चटणी कधी वाटलीच गेली नाही. ते देवकार्यासाठी घडवले गेले, आणि त्यातही माणसाचं भान पालटणारं काहीतरी कुटण्यासाठी. अशा दगडांच्या दोन परंपरा आज शेजारी ठेवून बघू. एक दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातली, दुसरी आपली, सोमयागातली. दोन्हींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. कारण असा विषय निघाला की "म्हणजे पेरूत आपलेच लोक गेले होते" असं म्हणणारं कुणीतरी सभेत असतंच.

मग शेजारी ठेवायच्या कशाला? तर तिकडं दगड हाताशी आहेत, त्यांवरचं कोरीवकाम आहे, प्रयोगशाळेत तपासता येईल असा अंशही मिळालाय. पण त्या लोकांना लिपी नव्हती, त्यामुळं त्यांनी काय म्हटलं, काय गायलं, याचा एक शब्दही उरलेला नाही. आपल्याकडं नेमकं उलटं. दगड कसा ठेवायचा, कुणी उचलायचा, त्याची स्तुती कुणी करायची, सगळं शब्दाशब्दानं पाठ आहे. फक्त ज्या वनस्पतीसाठी हा खटाटोप, तीच हरवली.

आधी तिकडचं बघू. पेरू देशात चाविन दे वान्तार नावाचं ठिकाण आहे. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्या वर, दोन नद्यांच्या संगमावर. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात तिथं एक मोठं देवस्थान होतं. हुलिओ तेयो या पेरूच्या पुरातत्त्वज्ञानं १९१९ साली तिथलं काम सुरू केलं. बाहेरून दगडी चौथरे, आणि आत अंधाऱ्या, अरुंद, वळणावळणांच्या गल्ल्या. अशाच एका गल्लीच्या मध्यात साडेचार मीटर उंचीची ग्रॅनाइटची मूर्ती उभी आहे. दात सुळ्यांसारखे, केसांच्या जागी साप.

देवळाच्या बाहेरच्या भिंतींत खुंटीसारखी दगडी मुंडकी रोवलेली होती. आज मूळ जागी एकच उरलंय. ही मुंडकी ओळीनं बघितली तर लक्षात येतं, की काही सरळसरळ माणसाची आहेत, काहींचे डोळे विस्फारलेले आणि नाकातून शेंबूड गळतोय, काहींचे सुळे बाहेर आलेत, आणि काही तर पूर्ण जग्वार झालेली आहेत. जग्वार म्हणजे तिकडचा बिबट्याच्या जातीचा, पण अंगानं दणकट प्राणी. शेंबूड कोरण्याचे कष्ट शिल्पकार उगाच घेत नाही. नाकानं तिखट पूड ओढली की नाक वाहायला लागतं, तपकीर ओढणाऱ्या आजोबांना बघितलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. तिथं ती पूड विल्का नावाच्या झाडाच्या बियांची असे. शिवाय गोल अंगणातल्या एका शिळेवर सुळेवाला देवपुरुष हातात उंच निवडुंग धरून उभा आहे. त्या निवडुंगात मेस्कालिन हे द्रव्य असतं, त्यानं माणसाला नसलेलं दिसायला लागतं.

आणि या सगळ्याच्या जोडीला आहेत छोटे दगडी खल. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयात त्यातला एक आहे. अख्खा खल म्हणजे एक जग्वार. त्याच्या पाठीत वाटीएवढा खळगा. अंगावर इतकं बारीक कोरीवकाम, की त्यात मका भरडायचा म्हटलं तर भरडणाऱ्यालाच संकोच वाटेल. अभ्यासक म्हणतात की हे खल विल्कासारख्या बियांची पूड करायला होते. पुढच्या काळात, तिवानाकूच्या वेळी, पूड ठेवायला लहान तबकं आणि ओढायला नळ्या आल्या; ती तबकं बहुतेक लाकडाची, काही दगडाचीही. बोलिव्हियाच्या दक्षिणेला एका गुहेत हजार वर्षांपूर्वीचं असं गाठोडंच सापडलं. त्यात कोल्ह्यांची तीन नाकाडं एकत्र शिवून केलेली पिशवी होती! २०१९ साली त्याचा अहवाल आला. त्या पिशवीत कोका, विल्का वगैरेंमधल्या द्रव्यांचे अंश मिळाले.

चाविनबद्दल मात्र बराच काळ हा सगळा चित्रावरून केलेला तर्कच होता. २०२५ साली तिथल्या हाडाच्या आणि शिंपल्याच्या २३ वस्तूंची तपासणी जाहीर झाली. त्यातल्या काही नळ्यांवर निकोटिन आणि विल्कामधलं डीएमटी यांचे अंश मिळाले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या नळ्या सापडल्या कुठं, तर आतल्या बंद दालनांत, जिथं एका वेळी मोजकीच माणसं मावतील. म्हणजे हा जत्रेतला प्रसाद नव्हता. आत कोण जाणार आणि बाहेर कोण थांबणार, हे ठरवणारी मंडळी होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो आपल्याकडंही येणार आहे.

आता आपल्याकडं येऊ. इथून बार्शी किती लांब आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. जुन्या काळी या आपल्या स्टेशनचं नावच बार्शी रोड होतं, आणि १८९७ पासून बार्शी लाइट इथूनच सुटायची. त्या बार्शीजवळ कासारवाडीला वेदविज्ञान आश्रम आहे, श्रौत यज्ञांसाठी तो ओळखला जातो. म्हणजे मी जे सांगतोय ते नुसतं पोथीतलं नाही, ती परंपरा आपल्या तालुक्याच्या शेजारी चालू आहे.

सोमयाग म्हणजे ढोबळमानानं काय? सोम नावाची वनस्पती आणायची, दगडांनी कुटायची, रस लोकरीच्या गाळण्यातून गाळायचा, देवांना अर्पण करायचा आणि उरलेला यजमानानं आणि ऋत्विजांनी प्यायचा. सर्वांत साधा सोमयाग म्हणजे अग्निष्टोम. त्याला पाच दिवस लागतात, त्यातला कुटण्याचा दिवस एकच, पण त्या दिवशी तीनदा कुटायचं: सकाळी, मध्यान्ही आणि तिसऱ्या प्रहरी.

सोम विकत घ्यावा लागतो, आणि तोही घासाघीस करून. विकणारा एका बाजूला, अध्वर्यू दुसऱ्या बाजूला. किंमत म्हणून लालसर, पिंगट डोळ्यांची गाय, सोनं वगैरे. "सोम याहून मोलाचा आहे", "बरं, मग एवढं घे", असा बाजार यज्ञाच्या मांडवात मंत्रांसकट चालतो. आणि सौदा झाल्यावर विकणाऱ्याकडून सोनं परत हिसकावून घेतात आणि त्याला काठीनं हाकलतात. माल हवा, पण विकणारा नको. मला यात एक जुनी आठवण दिसते: ही वस्तू आपल्या शिवारातली नव्हती, डोंगरापलीकडच्या, परक्या माणसाकडून यायची. वेदांतही सोम मूजवत् पर्वतावरचा म्हटलाय.

मग कुटायची जागा. हविर्धान नावाच्या मांडवात चार खड्डे खणतात. त्यांना उपरव म्हणतात. प्रत्येक हातभर खोल, वर तोंडं वेगवेगळी, पण तळाशी एकमेकांना जोडलेले. खणून झाले की अध्वर्यू एका खड्ड्यातून हात घालतो, यजमान दुसऱ्यातून, आणि जमिनीच्या पोटात दोघं एकमेकांचा हात धरतात. एक विचारतो, इथं काय आहे? दुसरा म्हणतो, कल्याण आहे. माझ्या मते सगळ्या श्रौत विधींतला हा सर्वांत सुंदर क्षण असावा, पण तो राहू द्या. या खड्ड्यांवर दोन फळ्या, फळ्यांवर बैलाचं कातडं, आणि कातड्यावर दगड. आता विचार करा, पोकळ खड्डे, वर ताणलेलं कातडं, त्यावर दगडांचा मारा. हे वाद्यच झालं की! उपरव या शब्दातच रव आहे, आवाज आहे.

दगड पाच असतात. एक मोठा, खाली ठेवायचा, तो उपर. बाकीचे चार हातात धरायचे, ते ग्रावे. एकवचनी ग्रावा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात या दगडांची स्तुती करणारी सूक्तं आहेत, ७६वं, ९४वं आणि १७५वं. त्यांत दगड बोलतात, बैलासारखे डुरकतात, नाचतात. ते थकत नाहीत, त्यांना तहान नाही, म्हातारपण नाही. देवाची स्तुती कुणीही करेल, अवजाराची एवढी स्तुती करणारे लोक विरळा. आणि सोळा ऋत्विजांपैकी एकाचं कामच दगडांची स्तुती करणं हे आहे. त्याचं नाव ग्रावस्तुत्. मध्यान्हीच्या वेळी तो येतो, डोक्याचं वस्त्र डोळ्यांवर बांधतो आणि आंधळ्यासारखा उभा राहून सूक्त म्हणतो.

डोळे का बांधायचे? ऐतरेय ब्राह्मणात त्याची कथा आहे. अर्बुद नावाचा सर्प ऋषी होता, दगडांची स्तुती करायला तो दर मध्यान्ही सरपटत यायचा. तेव्हा देवांना सोमाची झिंग चढली. ते म्हणाले, हा विषारी साप आपल्या राजाकडं, म्हणजे सोमाकडं, टक लावून बघतोय, म्हणून हे होतंय. बांधा याचे डोळे. ही कथा मला महत्त्वाची वाटते. सोमाला झिंग नव्हतीच, ते निव्वळ पौष्टिक सरबत होतं, असं म्हणणारे आपल्याकडं बरेच आहेत. ब्राह्मणग्रंथ लिहिणाऱ्याला मात्र झिंगेची लाज वाटलेली दिसत नाही. तो ती मान्य करतो आणि तिच्यावर इलाज सांगतो.

चाविनलाही आवाज होताच, बरं का. २००१ साली तिथल्या एका दालनात २० मोठे शंख मिळाले, फुंकायचे, वापरून गुळगुळीत झालेले. अंधार, शंखनाद, नाकात पूड. इकडं डोळ्यांवर फडकं, जमिनीतून येणारा दगडांचा घुमारा, घशात रस. भान पालटायला नुसतं द्रव्य पुरत नाही, त्याच्याभोवती अख्खी मांडणी लागते, हे दोन्हीकडच्या लोकांना कळलेलं होतं.

आता तो मघाचा मुद्दा: प्यायला कुणाला मिळायचं?

जुन्नर तालुक्यात नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. अर्धा तुटलाय, पण उरलेल्यात यज्ञांची यादी आहे: अश्वमेध, राजसूय, आप्तोर्याम, गवामयन वगैरे. यातला आप्तोर्याम हा सोमयागाचा मोठा प्रकार, आणि गवामयन म्हणजे वर्षभर चालणारं सोमसत्र. दक्षिणेत गायी हजारांनी दिलेल्या आहेत, शिवाय घोडे, हत्ती, कार्षापण. पुढं विदर्भात वाकाटकांचे ताम्रपट निघाले, त्यांत पहिल्या प्रवरसेनाच्या नावापुढं अग्निष्टोम, आप्तोर्याम, उक्थ्य, षोडशी, अतिरात्र, वाजपेय अशी मालिकाच लावलेली आहे. म्हणजे महाराष्ट्रात सोम कुटणं हा राजाचा मान झाला होता. खर्च एवढा, की साधा माणूस त्या वाटेला जाणार नाही.

पण गंमत पुढं आहे. तेच ऐतरेय ब्राह्मण सांगतं की क्षत्रिय यजमानानं सोम प्यायचा नाही. त्याच्यासाठी वडाच्या पारंब्या आणि फळं, जोडीला उंबर, पिंपळ, पायरीची फळं कुटून वेगळा रस करायचा, आणि तो त्यानं सोम समजून प्यायचा. पैसा राजाचा, मांडव राजाचा, आणि त्याच्या हातात पारंब्यांचं पाणी! चाविनचं बंद दालन दगडाचं होतं, आपलं नियमाचं होतं. सातवाहन स्वतःला क्षत्रिय म्हणवत की ब्राह्मण, हा वेगळा वाद, त्यात आज शिरत नाही.

आता वेल. मूळ सोम मिळेनासा झाला हे फार लवकर झालं. शतपथ ब्राह्मणातच बदली वनस्पतींची यादी आहे: अमुक नसेल तर तमुक, तेही नसेल तर दूर्वा, शेवटी कुश. म्हणजे गवतावर आले! आज आपल्याकडं वापरतात ती सोमवल्ली, खडकाळ टेकड्यांवर वाढणारी, बिनपानांची, मोडली की दुधासारखा चीक येणारी.

मार्टिन हाउग नावाचे जर्मन पंडित १८५९ साली पुण्याच्या कॉलेजात संस्कृतचे प्रमुख म्हणून आले. नुसत्या पोथ्या वाचून यज्ञ कळत नाही, म्हणून त्यांनी एका श्रोत्रियाला राजी केलं आणि विधी प्रत्यक्ष करून दाखवायला लावले. १८६३ साली त्यांचं ऐतरेय ब्राह्मण मुंबईत छापून निघालं. त्यात ते सांगतात की दख्खनचे याज्ञिक वापरतात ती वनस्पती वेदातली नव्हे. तिचा रस आपण अनेकदा चाखला, कडू आणि तुरट आहे, थोडी धुंदी येते, पण काही चमच्यांच्या वर पिणं अशक्य. विद्वानांनी त्यानंतर सोमावर शेकडो पानं लिहिली, पण चमचा तोंडाला लावणारा हा माणूस मला त्या सगळ्यांत जास्त विश्वासाचा वाटतो.

१९६८ साली अमेरिकेतल्या वॉसन यांनी मांडलं, की सोम म्हणजे लाल टोपीचं, पांढऱ्या ठिपक्यांचं विषारी अळंबं. जगभर गाजलं ते पुस्तक. पण इथं दगडाला साक्षीला बोलवा. ऋग्वेदात सोमाच्या अंशूंबद्दल, म्हणजे काड्यांबद्दल, धाग्यांबद्दल बोललंय. अळंबं बोटांनी चुरगळलं तरी रस सुटतो. त्याला चार ग्रावे, बैलाचं कातडं आणि दिवसातून तीनदा घाम गाळायची गरज काय? एवढा दगड लागतो म्हणजे माल चिवट होता, काष्ठमय होता. पुण्याचे चिं. ग. काशीकर यांचं आयुष्य श्रौतग्रंथांच्या संपादनात गेलं. त्यांनी १९९० साली सोमाच्या ओळखीवर पुस्तक लिहिलं आणि एफेड्रा या डोंगराळ, काडीसारख्या झुडपाच्या बाजूनं कौल दिला. एफेड्रानं माणसाला भास होत नाहीत, झोप उडते, छाती धडधडते, अंगात जोर आल्यासारखं वाटतं. रात्रभर चालणाऱ्या अतिरात्र यागाला ते चपखल बसतं. मला काशीकरांचं म्हणणं पटतं. पण मग ऋग्वेदातलं ते सूक्त, ज्यात सोम प्यालेला पृथ्वी इथून उचलून तिथं ठेवायच्या बाता मारतो, त्याचं काय, हा प्रश्न उरतोच.

एफेड्राच्या बाजूनं एक जिवंत साक्षीदार मुंबईत आहे. पारशी मंडळींच्या यस्न विधीत होम कुटतात. सोम आणि होम, शब्द एकच. त्यांच्या काड्या इराणातून येतात आणि त्या एफेड्राच्याच असतात. कुटतात धातूच्या खलात. त्या खलाला म्हणतात हावन. आपलं 'सवन' आणि त्यांचं 'हावन' एकाच धातूपासून, अर्थ पिळणं, रस काढणं. विधीत बत्त्यानं हावन घंटेसारखा वाजवतात, म्हणजे आवाज तिथंही सुटला नाही. फारसीत खलबत्त्याला हावनदस्ता म्हणतात, आणि हिंदीत त्याचाच अपभ्रंश होऊन इमामदस्ता झाला. तेव्हा आलं-लसूण कुटणाऱ्या त्या भांड्याच्या नावात होमाचा विधी लपून बसलाय.

आता जरा सावधगिरीचं. इराणमध्ये पर्सेपोलिसच्या खजिन्यात हिरव्या दगडाचे सुरेख खल, बत्ते आणि थाळ्या मोठ्या संख्येनं निघाल्या. त्यांवर शाईनं आरामेइक भाषेत मजकूर. १९७० साली बोमन यांनी दीडशेहून अधिक लेख प्रसिद्ध केले आणि म्हटलं, हे होम कुटण्याच्या विधीचे लेख. खल आहे, बत्ता आहे, इराण आहे, अजून काय हवं? पण इतर पंडितांनी तोच मजकूर वाचला तेव्हा त्यांना तिथं कोषाध्यक्षांची नावं, वस्तू कुणी दिली, कोणत्या वर्षी, अशी गोदामातली नोंद दिसली. दुसरा प्रकार तुर्कमेनिस्तानातला. सारियानिदी यांनी जाहीर केलं की त्यांच्या उत्खननातल्या देवळांत एफेड्रा, गांजा आणि अफू यांचे अंश भांड्यांत मिळाले. डोळे कोरलेल्या हाडाच्या नळ्यासुद्धा होत्या. अगदी चाविनची आठवण यावी अशा. पुढं ते नमुने पुन्हा तपासले तर ठसे निघाले भरडधान्याचे. आपल्याकडं नेवाशाला आणि तेरला सातवाहनकाळचे चार पायांचे दगडी पाटे मिळाले आहेत, देखणे. त्यांवरही कुणी एखादा यज्ञ लादायच्या आधी त्यांवर मसाला वाटला असेल हे धरून चालावं.

म्हणून एक विनंती. जुन्या वाड्यात, शेतात, विहिरीच्या काठी खल किंवा पाटा मिळाला तर तो घासू नका. साबण नको, चिंच नको, तेल-शेंदूर तर नकोच. दगडाच्या बारीक छिद्रांत पिष्ठाचे कण, वनस्पतीचे अंश शतकानुशतकं राहतात. चाविनच्या नळ्या बोलल्या, कारण त्या कुणी धुतल्या नव्हत्या. आणि दगड जिथं मिळाला ती जागाही टिपून ठेवा, निम्मी साक्ष जागेची असते.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: एवढे यज्ञ झाले, तर सोमाचे जुने ग्रावे आपल्या संग्रहालयांत का नाहीत? प्रश्न फार चांगला आहे. एक कारण म्हणजे श्रौतसूत्रांना दगडावर नक्षी नकोय. जग्वारासारखा खल कुठंही पडला तरी ओळखू येतो. ग्रावा माळावर पडला की तो दगडच. दुसरं, यज्ञाचा मांडव बांबू-चटयांचा, काम झालं की मोडायचा. त्याचं देऊळ होत नाही. पुण्यात वैदिक संशोधन मंडळानं, १९२८ साली स्थापन झालेली ती संस्था, यज्ञाची उपकरणं जमवली आहेत, ती जरूर बघा, पण ती अलीकडच्या वापरातली.

तिसरं कारण आश्वलायन गृह्यसूत्रात आहे. अग्निहोत्री वारला की त्याची यज्ञपात्रं त्याच्याबरोबर चितेवर ठेवतात, आणि कोणतं पात्र शरीराच्या कोणत्या भागावर, हे ठरलेलं आहे. जुहू उजव्या हातात, उपभृत् डाव्या हातात. सोमाचे ग्रावे ठेवायचे दातांवर. आयुष्यभर ज्यांनी कुटलं, ते शेवटी चावणाऱ्या अवयवावर. बेसॉल्ट आगीत तडकतो. राख सावडताना त्याचे तुकडे कोण वेचणार? आणि तिथंच पुढं म्हटलंय की दृषद् आणि उपला, म्हणजे घरातला पाटा आणि वरवंटा, तेवढे चितेवर घालू नयेत. ते मुलानं घरी न्यावेत.